प्रॉपर्टी कार्डावरची आत्या

रविवार, रात्री

नारायण पेठेतला वाडा अखेर बिल्डरला द्यायचं ठरलं. म्हणजे आज संध्याकाळी पाचपर्यंत ठरलेलं होतं. मग दादाने वकिलांकडून आलेली प्रॉपर्टी कार्डाची नक्कल टीपॉयवर ठेवली आणि सगळ्यांचे चहा गार झाले.

तात्या, म्हणजे आमचे आजोबा, 1973 साली गेले. पुढच्या वर्षी वारस नोंद झाली. त्यात आजी, मोठे काका, बाबा आणि तीन मुली. 1956 च्या वारसा कायद्याने मुलींची नावं लागायलाच हवीत, तशी लागली. आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्न झालेल्या दोन्ही आत्यांनी साडीचोळी घेऊन हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. तिसरं नाव राहिलं ते राहिलंच. त्याच्यापुढे ना हक्कसोड, ना मयत. वकिलांनी नावाभोवती पेन्सिलीने गोल काढून शेजारी लिहिलंय, "ह्या कुठे असतात?"

ह्या म्हणजे आमची धाकटी आत्या. ती पानशेतच्या पुरात वाहून गेली, हे आम्हा भावंडांना कळायला लागल्यापासून माहीत. 12 जुलै 1961. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, लकडी पूल पाण्याखाली गेला आणि नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंती विरघळून वाडेच्या वाडे बसले. आमचा मागचा सोपाही बसला. आत्या तेव्हा 21 वर्षांची. पुढे आमच्या कुलवृत्तांतासाठी तात्यांनी माहितीचा जो कागद भरून दिला त्यातही तेच, आणि पुस्तकात छापलेलंही तेच: अविवाहित, मृत्यू 1961.

मग 1961 साली वाहून गेलेल्या मुलीला 1974 साली वारस कोणी केलं?

सगळ्यांनी मोठ्या काकूकडे पाहिलं. त्या पिढीतली ती एकटीच उरली आहे, 84 वर्षांची. तिने बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, तिने ते चमच्याने काढून खाल्लं आणि म्हणाली, "सासूबाईंनी. मी होते की शेजारी. साहेबाने विचारलं मुली किती, त्या म्हणाल्या तीन. ह्यांनी कोपराने ढोसलं, तर पुन्हा म्हणाल्या, आणखी मोठ्याने, तीन."

"अगं पण ती तर पुरात..."

"कसली वाहून जातेय. येरवड्याला होती."

येरवड्यात तुरुंगही आहे. चुलतभावाने चाचरत विचारलं, "जेलमध्ये?" काकू हसली. मोठे काका गेल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

सोमवार

काकूने जे सांगितलं ते आजच उतरवून ठेवते. नाहीतर आठवड्याभरात पाच जण पाच तऱ्हांनी सांगायला लागतील.

आत्याला चौदाव्या वर्षापासून झटके यायचे. घरात त्याला फेफरं म्हणायचे. मुठीत किल्ली द्यायची, चप्पल हुंगवायची, कांदा फोडून नाकाशी धरायचा. डॉक्टरांनी गार्डिनालच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी ती दिवसभर पेंगायची, म्हणून आजी अधूनमधून गोळी चुकवायची, आणि गोळी चुकली की हमखास झटका. 1959 साली मोठ्या आत्याला पाहायला मंडळी आली. पोह्यांच्या बश्या बाहेर गेल्या आणि आत माजघरात धाकटी पडली. पडताना तिच्या हाताने पितळी डब्यांची उतरंड कोसळली. पाहुण्यांनी विचारलं काय पडलं. तात्या म्हणाले, मांजर. बाहेर मांजर, आणि आत आजी मुलीच्या तोंडात पदराचा बोळा धरून बसलेली. त्या मंडळींकडून पुढे काही कळवणं आलं नाही.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत तिला येरवड्याला, वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. तेव्हा 1912 चा कायदा होता: नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले, मग हुकूम निघायचा. म्हणजे तात्यांनी स्वतःच्या सहीने अर्ज केला असणार. फेफरं हा काही वेडेपणा नव्हे, पण तेव्हा दोघांनाही एकाच दारातून आत नेत.

बाहेर सांगितलं, आजोळी आहे, कोकणात, तिथली हवा मानवते. दोन वर्षं ते चाललं. मग पूर आला. पुरात ती गेली असं सांगायचं काही ठरवून झालं नाही, असं काकू म्हणते (ती लग्न होऊन आली 1963 ला, त्यामुळे हे तिलाही ऐकीवच). शाळेतल्या छावणीत शेजारच्या बाईंनी आजीला विचारलं, "धाकटी कुठे दिसत नाही? आली होती ना?" आणि आजी रडायला लागली. बाईंनी समजायचं ते समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी चार जण तात्यांना भेटायला आले. तात्यांनी मान खाली घातली. खोटा शब्द असा कोणीच उच्चारला नाही. ती पावसाळ्याआधी आजोळहून परत आली होती, हेही लोकांनीच जोडून घेतलं. वाड्यातली बिऱ्हाडं पांगली, कोणी गोखलेनगरला गेलं, कोणी गावी. ताडून पाहणारं कोणी उरलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात मोठ्या आत्याचं लग्न झालं. 1964 ला मधल्या आत्याचं.

तसं पुण्यात सापडत नाही ती प्रत्येक वस्तू पानशेतमध्ये गेलेली असते. सोन्याच्या पावत्या, पदवीची भेंडोळी, पणजोबांना आलेलं टिळकांचं पत्र. यातलं निम्मं मुळात होतं का, याची मला कायम शंका येते. पण माणूस?

मंगळवार

दिवसभर डोक्यात काकूचं एक वाक्य. तिला हे 1967 साली कळलं, तेही आजीकडून. मी म्हटलं, म्हणजे तुझ्यावर विश्वास टाकला आजीने. तर म्हणाली, "विश्वासबिश्वास काही नाही गं. मामंजींना दम लागायला लागला. बस बदलून जायचं, डबा उचलायला माणूस हवं होतं."

मला वाटायचं, घरातली गुपितं फुटतात ती मन हलकं करायला. शेवटच्या आजारपणात, भांडणात, नाहीतर दहाव्याच्या घाटावर, कावळा शिवायची वाट बघत उभं राहताना. तसंही होतंच. पण त्याहून जास्त वेळा ती कामासाठी फुटत असावीत. डबा उचलायला माणूस हवं. डॉक्टर विचारतात घरात कोणाला काय होतं. वकिलांना दाखला हवा. आम्हाला तरी हे कळलं कशामुळे? कोणाचा अंतरात्मा जागा झाला म्हणून नव्हे, तर पेठेत एफएसआयला किंमत आली म्हणून.

आणि लपवतात कशासाठी, तर लग्नासाठी. इज्जत, घराणं, लोक काय म्हणतील हे वरचं बोलणं झालं. खाली हिशोब असतो की घरात अजून किती लग्नं व्हायची आहेत. बँकेत असताना माझ्या टेबलाशेजारी एक बाई होत्या. त्यांच्या सासऱ्यांचं पहिलं लग्न, दिराचं दारूचं व्यसन, नणंदेचं सोडून येणं, सगळं त्यांनी आम्हाला सांगितलं ते धाकट्या मुलीचं लग्न झाल्यावर पहिल्या सोमवारी. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत शब्द नाही. तेव्हा आम्ही हसलो होतो.

आईला माहीत होतं का? काकू म्हणते, नसावं. "तुझ्या आईच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, तिला कोण सांगणार?" खरं आहे. आणि बाबांना माहीत होतं, ते बोलले नाहीत. दर 12 जुलैला पेपरात पुराच्या आठवणी यायच्या, ते पान ते न वाचता घडी घालून ठेवायचे. आम्ही समजायचो, बहिणीचं दुःख. होतंच की तसं, फक्त त्याचं कारण आम्ही भलतंच धरून बसलो होतो.

गुरुवार

काकूला आज पुन्हा भेटले, एकटीच. आत्या गेली कधी, हे वकिलांना हवंय. काकूला तारीख सांगता येत नाही, तिथी येते. श्रावण वद्य द्वादशी. साल? "ज्या वर्षी आपल्याकडे गणपती बसला नाही ते."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण ते साल मला पाठ आहे. 1979. मी 11 वर्षांची होते. आमच्या घरात गणपती न आणलेलं ते एकच वर्ष. आजीचा पाय मुरगळलाय, सोवळ्यातलं काही होणार नाही, म्हणून यंदा नाही, असं आम्हाला सांगितलं. मी आणि दादाने एवढा गोंधळ घातला की बाबांनी आम्हाला आरतीला शेजारच्या वाड्यात पाठवलं. आजी पलंगावर बसून असायची. पायाला पट्टी होती. मी ती पट्टी बघितलेली आहे, पांढऱ्या पातळाच्या काठाची, हळद-चुन्याचा लेप बाहेर आलेला.

पाय धडधाकट होता. ते सुतक होतं.

मुलगी अविवाहित गेली, म्हणजे घराला दहा दिवसांचं सुतक. आजीला ते मोडवेना. शिवाशिवीचा, देवाधर्माचा तिचा बाणा असा की सुतकात मूर्ती घरात आणणं शक्यच नव्हतं. आणि सुतक आहे म्हणावं तर कोण गेलं ते सांगावं लागणार. अठरा वर्षांपूर्वी वाहून गेलेली मुलगी परवा गेली असं कसं सांगणार? मग पाय मुरगळला. देवांची पूजा बंद, तर घरातल्या पुरुषांनी तरी करावी की नाही? म्हणून काका "ऑफिसच्या कामाला" मुंबईला गेले आणि बाबांचा हात भाजला. काकू म्हणते हात खरंच भाजला होता, बाबांनी स्टोव्हवर धरला की चुकून, तिला माहीत नाही. मी तो विषय पुढे नेला नाही.

येरवड्याहून परस्पर नेलं. काका, बाबा आणि ऑफिसातले दोन जण, ज्यांना फक्त "लांबची बहीण" एवढंच सांगितलं होतं. परत आल्यावर आंघोळ करायची तर मागच्या नळावर केली असती आणि कोणी पाहिलं असतं, म्हणून ते नदीवर जाऊन अंग भिजवून, ओल्या कपड्यांनी, "पावसात सापडलो" म्हणत घरी आले. श्रावण होता. कोणाला संशय आला नाही.

मला आजीचा राग येत होता रविवारपासून. आज तो कुठे ठेवावा कळेना. ज्या बाईने मुलीला जगापुढे मारून टाकलं, तिनेच सिटी सर्व्हेच्या साहेबासमोर ती जिवंत आहे असं दोनदा सांगितलं, आणि ती खरोखर मेली तेव्हा दहा दिवस पलंगावरून उतरली नाही. लोकांशी खोटं बोलायला तिची हरकत नव्हती. देवाशी आणि सरकारी दप्तराशी मात्र ती खोटं बोलली नाही. तात्यांचं उलटं. त्यांनी कुलवृत्तांतात छापून घेतलं.

शनिवार

वहिनीचा फोन. तिच्या मुलीचा, म्हणजे माझ्या पुतणीचा, साखरपुडा पुढच्या आठवड्यात. "वन्सं, तुमचं ते वकिलांचं चालू द्या, पण आमच्या लग्नापर्यंत हे बाहेर जायला नको. आपल्याकडे फेफरं आहे असं झालं म्हणजे?"

65 वर्षांत काय बदललं तर स्थळ पाहायला पोह्यांऐवजी आता कॅफेत जातात.

मी तिला म्हटलं, हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख 1999 सालीच काढून टाकलाय. ती म्हणाली, कायद्यातून काढलाय, लोकांच्या मनातून काढलाय का? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग म्हटलं, अगं, तो असा सरळ आईबापांकडून पोरांकडे येणारा आजार नव्हे बहुतेकांच्या बाबतीत, आणि नीट गोळ्या घेतल्या तर दहातल्या सात जणांचे झटके थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. ती म्हणाली, हो ना, मग कशाला सांगायचं? म्हणजे आजार किरकोळ म्हणून सांगायचं नाही, आणि गंभीर असता तर सांगता आलंच नसतं.

तिला मी सर्वस्वी चूक म्हणणार नाही. मुलीची आई आहे. आणि काही गुपितं राखावीच लागतात, हे पुण्याइतकं कोणाला माहीत असणार? 1863 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी ह्याच शहरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथे विधवेने गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, ही सोयच होती. गुप्तता हीच तिथली सेवा. आणि तिथल्याच एका बाळाला त्यांनी दत्तक घेतलं, यशवंत, तेव्हा मात्र काही लपवलं नाही, मृत्युपत्रातही वारस केलं. त्या बाईचं गुपित त्या बाईच्या जिवासाठी होतं. आमच्या आत्याचं गुपित आत्या सोडून बाकी सगळ्यांच्या सोयीचं होतं. ह्या दोन्हीला एकाच तागडीत घालायला माझं मन घेत नाही.

माझ्या एका मैत्रिणीने मुलगी दत्तक घेतली. संस्थेतल्या ताईंनी तिला पहिल्याच भेटीत बजावलं होतं, बोलायला लागली की सांगायला लागा, गोष्टीतून सांगा. मैत्रिणीने सांगितलं. आज ती मुलगी कॉलेजात आहे आणि कोणी काही बोललं तर म्हणते, हो, माहितीये. कुजबुजायला कोणाला जागाच ठेवली नाही. उलट नात्यातल्या एका मुलाला हे त्याच्याच मुंजीत एका मावशीने "तू काय रे, नशीबवान" म्हणत सांगितलं. त्याने मुंजीचं जेवण टाकलं. त्याबद्दल आजही कोणी बोलत नाही.

बुधवार

महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात अर्ज दिला. जुनं पंचांग काढून द्वादशीची तारीख शोधली, ती लिहिली. इस्पितळातही जुन्या नोंदींसाठी वेगळं पत्र. वकील म्हणाले, काळजी नको, बाई अविवाहित होत्या, मूलबाळ नाही, वडिलांकडून आलेला हिस्सा वडिलांच्या वारसांकडेच परत येतो. फक्त दाखला हवा. तोवर कागदोपत्री आत्या वाड्याची मालकीण आहे, आणि 80 च्या पुढची आहे.

दादा म्हणतो, वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात 1979 लिहिलं की कुलवृत्तांताच्या पुढच्या आवृत्तीलाही कळवू. बघू. मंडळाच्या चिटणीसांना आधी फोन करायला हवा, ते दुरुस्ती घेतात का.

पुतणीने मला बाजूला घेऊन सांगितलं की तिने मुलाला रविवारी रात्रीच मेसेज करून सगळं सांगितलं. तो "ओह, सो सॅड" म्हणाला आणि मग त्यांनी शूजबद्दल बोलणं केलं. आईला सांगू नकोस, म्हणाली.

रविवार

काल साखरपुडा झाला. कर्वे रस्त्यावरचा हॉल, मठ्ठा-जिलबीचं जेवण, सगळं वेळेत. काकूला मुद्दाम मुलाकडच्यांपासून लांब बसवलं होतं. पण मुलाच्या आजी, त्याही 80 च्या पुढच्या, काठी टेकत आपणहून तिच्याजवळ येऊन बसल्या. दोघींनी आधी गुडघ्यांचं काढलं. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला नणंदा किती? काकू म्हणाली, तीन. दोघी घरी गेल्या, तिसरी येरवड्याच्या इस्पितळात गेली, फेफरं होतं तिला, आम्ही लोकांना पुरात गेली सांगायचो.

मी दोन हातांवर होते. वहिनी समोरून पेढ्यांचं तबक घेऊन येत होती, तिने ऐकलं. तबक पडलं नाही एवढंच.

मुलाच्या आजी म्हणाल्या, "अगंबाई." मग म्हणाल्या, "तिथे जेवण कसं असायचं हो?" काकू म्हणाली, भाकरी जाड, आमटी पातळ, म्हणून सासूबाई महिन्याकाठी बेसनाचे लाडू न्यायच्या, ती त्यातला एक खायची आणि बाकीचे वाटून टाकायची, सासूबाई चिडायच्या. हे लाडवांचं आम्हाला कोणालाही माहीत नव्हतं. मग बेसन किती भाजायचं ह्यावर दोघींचं बराच वेळ चाललं.

गाडीत मी काकूला विचारलं, का सांगितलंस? "तिने विचारलं. आणि आता माझ्या घरातलं माझ्या जबाबदारीचं कोणाचं लग्न राहिलंय?" मग म्हणाली, खिडकी लाव, वारा लागतो.

आज दुपारी विहीणबाईंचा वहिनीला फोन आला. वहिनीने लगेच मला केला. केळवण कधी, मानाच्या साड्या पैठणी की नारायणपेठ, गुरुजी त्यांचे की आपले, अर्धा तास तेच. तो विषय नाहीच.

"बघा ना वन्सं, एक अक्षर काढलं नाही," वहिनी म्हणाली. "म्हणजे नक्की मनात धरलंय."